भांड्याएवढा मासा

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातल्या गाळ्यांपासून पुण्या-नाशकातल्या गल्लीतल्या दुकानांपर्यंत फायटरची मांडणी सगळीकडे सारखीच असते. बाकीचे मासे काचेच्या टाक्यांत घोळक्याने फिरत असतात. फायटर मात्र काउंटरवर ओळीने लावलेल्या प्लास्टिकच्या ग्लासांत, एका ग्लासात एक. निळा, लाल, पांढरा, तांब्याच्या रंगाचा. गिऱ्हाईक रंग बघतं, शेपटीचा पिसारा बघतं आणि बोट दाखवतं. अंगाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ते दिलं तर त्या एकाच ओळीत मोठा फरक दिसतो. एक मासा भरलेला, रुंद पाठीचा. शेजारचा जेमतेम त्याच्या निम्मा, डोकं आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे, पाठ बारीक, पंख मात्र पूर्ण फुललेले. किंमत दोघांची एकच.

विचारलं तर साधारण तीन उत्तरं मिळतात. ‘अजून पिल्लू आहे, वाढेल.’ ‘ही जातच लहान असते.’ आणि तिसरं, सगळ्यांत जास्त ऐकू येणारं, दुकानदारांइतकंच गिऱ्हाइकांच्याही तोंडी असलेलं: ‘मासा भांड्याएवढाच वाढतो.’ पहिली दोन उत्तरं कधीकधी खरी असतात. तिसऱ्यामुळे मात्र या माशाचं फार नुकसान झालं आहे. भांडं बघून मासा आपणहून लहान राहतो, आपल्या सोयीने जुळवून घेतो, असा दिलासा त्यात आहे. प्रत्यक्षात मासा जुळवून घेत नाही, तो खुरटतो. खुरटण्याची कारणं नेमकी आहेत आणि त्यांतली बहुतेक त्याच्या आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत घडून गेलेली असतात.

आधी माप. आपण ज्याला फायटर म्हणतो तो बेट्टा स्प्लेंडेन्स. शेपटीसकट त्याची लांबी साधारण ६ ते साडेसहा सेंटीमीटरपर्यंत जाते. मूळचा तो मध्य थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला, भातखाचरांतला, दलदलीतला, गवताने भरलेल्या उथळ चरांतला. झुंजीसाठी तिथे तो कित्येक शतकं पाळला गेला. सयामच्या राजाकडून आलेले काही मासे १८४० च्या सुमारास थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरच्या हाती पडले. कँटर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेत होता. त्याने १८४९ साली त्या माशांवर लिहिलं, पण त्याने दिलेलं नाव दुसऱ्याच जातीच्या खाती गेलं. आजचं शास्त्रीय नाव लंडनच्या टेट रीगनने १९१० साली दिलं. थायलंडच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

रानातला फायटर आपल्या दुकानातल्यापेक्षा सडपातळ आणि आखूड पंखांचा असतो. रुंद अंग, आडदांडपणा, लांब पिसारे, भडक रंग ही सगळी माणसाने निवडून निवडून केलेली कमाई आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस थायलंडमधल्या पैदासकारांनी निवडीतूनच ‘जायंट’ फायटर तयार केले आणि त्यांतल्या काहींचं शेपटी सोडून नुसतं अंगच ७-८ सेंटीमीटर भरतं. म्हणजे मोठं होण्याची मुभा या माशाच्या रक्तात भरपूर आहे. म्हणूनच इंचभर अंगाचा प्रौढ नर दिसला की कारण शोधावंसं वाटतं.

ते शोधायचं तर घरट्यापासून सुरुवात करावी लागते. नर पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचा फेस जमवतो. मादीने सोडलेली अंडी एकेक तोंडात घेऊन त्या फेसात चिकटवतो आणि नंतर मादीला हुसकून लावतो. उबदार पाण्यात दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं दोन-तीन मिलिमीटरची, शेपटी खाली करून फेसाला लोंबकळणारी. खाली पडलं की बाप पुन्हा तोंडात धरून वर नेऊन ठेवतो. पुढचे दोन-तीन दिवस पोटाखालच्या बलकावर निघतात. मग ती आडवी पोहू लागतात आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते, कारण आता खायला लागतं आणि तोंड असतं टाचणीच्या टोकाहून बारीक.

एका जोडीची पिल्लं शेकड्यांनी असतात. त्या सगळ्यांना एकाच वेळी, दिवसातून अनेकदा, जिवंत आणि सूक्ष्म अन्न लागतं. जिवंत अशासाठी, की हलणारं दिसलं तरच ती तोंड उघडतात. पाणी मुरवून वाढवलेले सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया या चिमुकल्या कवचधारी जीवाची नुकती फुटलेली पिल्लं, मग मोइना नावाचे लालसर पाणपिसू. थायलंडमधल्या फायटर-पैदाशीच्या शेतांवर मोइना हा कणा आहे. काही जण पहिल्या दिवसांत उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कुस्करून देतात. तो स्वस्त आणि सोपा, पण जरा जास्त झाला की पाणी नासवतो आणि त्याला हालचाल नसल्याने बरीच पिल्लं त्याच्याकडे वळतच नाहीत.

या पंधरवड्यात ज्याला पोटभर मिळालं ते पुढे निघतं. पुढे निघालेल्याचं तोंड मोठं, म्हणून त्याला मोठा घास जमतो, म्हणून ते आणखी पुढे जातं. महिनाभरात एकाच घरट्यातली भावंडं ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी दिसतात: काही दीड-दोन सेंटीमीटरची, काही त्याच्या निम्मीही नाहीत. मोठी पिल्लं लहानांना चाऱ्यापासून हाकलतात आणि संधी मिळाली तर खाऊनही टाकतात. आपल्याकडे रोहू-कटल्याचं बीज वाढवणाऱ्यांना हे नवं नाही. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकली होईपर्यंत आकाराप्रमाणे वेगळं करत राहिलं नाही तर तळ्यात काय होतं, हे ते अनुभवाने जाणतात. फायटरच्या बाबतीत ही वर्गवारी मोठ्या प्रमाणावर पैदास करणाऱ्याला परवडत नाही. मागे पडलेलं पिल्लू मागेच राहतं.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत असते. फायटरला कल्ल्यांखेरीज डोक्यात एक घडीदार अवयव असतो, लॅबिरिंथ. त्याने तो वर येऊन थेट हवा घेतो. हा अवयव तिसऱ्या आठवड्यापासून पुढे आकार घेतो. त्या दिवसांत पाण्यावरची हवा गार किंवा कोरडी असली तर पिल्लं मरतात, आणि जी वाचतात त्यांतली काही रोडावलेलीच राहतात. हीच हवा घेण्याची शक्ती पुढे या माशाच्या मुळावर येते. प्राणवायू नसलेल्या चुळकाभर पाण्यातही तो दिवसेंदिवस जिवंत राहतो, आणि जिवंत आहे म्हणजे ठीक आहे असा सगळ्यांचा समज होतो.

सहा-आठ आठवड्यांनंतर नर एकमेकांवर धावून जायला लागतात. पंख फाटलेला मासा विकला जात नाही, म्हणून त्यांना वेगळं करतात. बँकॉकजवळच्या नाखोन पाथोम प्रांतात या माशांची जी शेतं आहेत, त्यांची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत: उघड्यावर, जमिनीलगत, दारूच्या चपट्या रिकाम्या बाटल्या हजारोंनी खेटून लावलेल्या आणि प्रत्येकीत एक नर. चपट्या बाटल्या अशासाठी, की त्या कमी जागेत जास्त बसतात. माद्या मात्र मोठ्या टाक्यांत एकत्रच वाढतात.

ही छायाचित्रं बघून पहिला राग बाटलीवर येतो. मला वाटतं, तो थोडा चुकीच्या ठिकाणी आहे. मध्य थायलंडमध्ये बारा महिने ऊब आहे. चांगल्या शेतावर बाटल्यांतलं पाणी नियमित बदललं जातं, मोइना रोज मिळतो. स्पर्धेत उतरणारे मासेसुद्धा वेगवेगळ्या बरण्यांतच वाढवलेले असतात. बरणी थोडी मोठी, पाणी ताजं आणि पोट भरलेलं, एवढाच फरक. मग बरणीत नेमकं काय वाढ रोखतं?

मासा खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतो. मोठ्या, रुळलेल्या टाकीत जिवाणू तो अमोनिया पचवून कमी घातक रूपात आणतात. पाव लिटर पाण्यात तशी वसाहत टिकत नाही. अमोनिया साचतो, कल्ले भाजतात. मासा हवा घेऊन गुदमरण्यातून सुटतो, पण विषातून सुटत नाही. शरीर सतत ताणाखाली राहिलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि खाल्लेल्या घासाचं मांस व्हायच्या ऐवजी तो तग धरण्यात खर्ची पडतो. भूक मंदावते ती वेगळीच.

शौकिनांमध्ये आणखी एक कारण ठामपणे सांगितलं जातं: मासे वाढ रोखणारं एक द्रव्य पाण्यात सोडतात, आणि लहान भांड्यात ते साचतं. ही कल्पना हवेतली नाही. दाटीत वाढणाऱ्या बेडकांच्या पिल्लांवर १९५० च्या दशकाच्या अखेरीस असे प्रयोग झाले होते. १९७४ साली गोल्डफिश आणि कार्प या माशांच्या पाण्यातून दाटीशी निगडित असा घटक अंशतः वेगळा काढल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. पण तिथून उडी मारून ‘फायटरचंही तसंच’ म्हणणं घाईचं आहे. ज्यात गूढ काहीच नाही अशी दोन कारणं समोर आहेत, खराब पाणी आणि अपुरं अन्न, आणि ती एकमेकांना बांधलेली आहेत. या बांधणीतच दुकानातल्या लहान फायटरचं सगळ्यांत मोठं उत्तर आहे.

शेतावरून निघालेला मासा मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो, तिथून विमानाने दुसऱ्या देशात, मग घाऊक विक्रेत्याकडे, मग दुकानात. प्रवासाआधी त्याला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतलं घोटभर पाणी घाण होत नाही. ते योग्यच आहे. पण पुढच्या प्रत्येक मुक्कामावर तोच हिशेब चालू राहतो. शंभर ग्लासांचं पाणी रोज बदलायला माणूस लागतो. दाणे कमी टाकले तर पाणी तीन-चार दिवस चालतं. म्हणून दाणे कमी टाकले जातात. कुणीही क्रूर नसताना, नुसत्या वेळेच्या आणि मजुरीच्या हिशेबाने, वाढीच्या वयातला मासा अर्धपोटी राहतो. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत त्याची वाढ सगळ्यांत वेगवान असते आणि नेमके तेच महिने त्याचे पिशवीत आणि ग्लासात जातात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या प्लीगिंग आणि मून्स या दोन अभ्यासकांनी २०१७ साली दुकानांतल्या आणि हौशी पाळणाऱ्यांकडच्या फायटरच्या हालांवर एक सविस्तर आढावा लिहिला. जगात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या शोभिवंत माशांपैकी एकावर अशा अभ्यासाला इतका उशीर लागला, याचं मला वाईट वाटतं.

व्यापारातली वर्गवारीही विसरता येत नाही. एका घरट्यातले अंगाने, पंखाने, रंगाने सरस मासे आधी बाजूला निघतात. त्यांची छायाचित्रं निघतात, लिलाव होतात. २०१६ साली थायलंडच्या झेंड्याच्या लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांचा एक फायटर ५३,५०० बाहतला गेला. उरलेले शेकड्याच्या भावाने निघतात, आणि शे-दोनशे रुपयांच्या ग्लासात पोचतो तो बहुधा त्या उरलेल्यांपैकी.

भारतात येणारे सगळे फायटर थायलंडचे नसतात. चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याशेजारच्या हावड्यात शोभिवंत माशांची मोठी पैदास होते. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, घराच्या परसात टाक्या मांडून हा धंदा करणारे वाढताहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाच्या घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. टाक्या, शेड, पंप या पैशांत उभे राहतात. फायटरच्या बाबतीत खरी गुंतवणूक मात्र जिवंत अन्नाची आहे. रोज पहाटे आर्टेमिया फुटलेला हवा आणि मोइनाचं पिंप मरता कामा नये. आपल्याकडे डासांच्या अळ्या हा फुकटचा उत्तम चारा आहे, पण शहरात साठलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या की महापालिकेची नोटीस येते, आणि डेंग्यूच्या दिवसांत ती यायलाच हवी. नाल्यातले ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात, पण त्यांच्यासोबत रोग येतात. म्हणून पिल्लांसाठी आर्टेमिया आणि मोइना यांना पर्याय नाही. ज्यांनी ते जमवलं त्यांचे मासे ओळीत उठून दिसतात.

हवामानाचंही एक गणित आहे. फायटरला २६ ते २८ अंश पाणी लागतं. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे वर्षाचा बराच काळ ते आपोआप मिळतं. पुणे, नाशिक, नागपूर इथे दिवाळीनंतर रात्री पारा उतरतो आणि ग्लासभर पाणी खोलीइतकंच गार होतं. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. गारठ्यात पचन मंदावतं, घास तसाच पोटात राहतो, वाढ थांबते. हिवाळ्यात वाढीला लागलेली पिल्लं हीटरशिवाय ठेवली तर फेब्रुवारीत ती नोव्हेंबरएवढीच दिसतात.

आता ज्यांचं लहान असणं निर्दोष आहे त्यांच्याकडे वळू. मादी नरापेक्षा लहान आणि आखूड पंखांचीच असते. पुष्कळदा ‘छोटा फायटर’ म्हणून जो घरी येतो ती मादी असते. पोटाखाली, शेपटीच्या बाजूला, तांदळाच्या कणीसारखा पांढरा ठिपका दिसला तर बहुधा मादीच. प्लाकाट म्हणजे आखूड पंखांचे नर. पिसारा नसल्याने ते लहान भासतात, अंगाने मात्र लांब पंखवाल्यांपेक्षा दणकट असू शकतात. दुहेरी शेपटीच्या जातीत अंग मुळातच आखूड असतं. शेपटी दुभंगणारा बदल पाठीच्या रचनेवरही परिणाम करतो. शिवाय बेट्टा या प्रजातीत स्प्लेंडेन्स ही अनेकांपैकी एक जात आहे. बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्पातल्या काळ्या पाण्याच्या दलदलींत राहणारे लालभडक बेट्टा कोक्सिना आणि बेट्टा ब्राउनोरम पूर्ण वाढूनही साडेतीन सेंटीमीटरच्या आसपासच राहतात. ते साध्या दुकानात ग्लासात क्वचितच दिसतात. म्हणून ‘ही जातच लहान’ हे उत्तर लांब पंखांच्या निळ्या नराबद्दल मिळालं तर ते बरोबर नसतं.

पिल्लाचंही तसंच. अमेरिकेतल्या मोठ्या दुकान-साखळ्यांत इवल्या कपात ‘बेबी बेट्टा’ म्हणून दोन-एक महिन्यांची पिल्लं विकतात. आपल्याकडेही कधी ती येतात. पिल्लाचे पंख आखूड असतात, अंगावर आडव्या रेघा असू शकतात, डोकं अंगाला साजेसं असतं. पिसारा पूर्ण यायला साधारण पाच-सहा महिने लागतात. त्यामुळे पंख पूर्ण फुललेले आणि अंग एवढंसं असेल, तर ते पिल्लू नव्हे, वय झालेला खुरटलेला मासा. दुकानात उभ्या उभ्या वापरता येणारी याहून चांगली खूण मला माहीत नाही.

रोगांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तिथे डोळ्यांना फार काही कळत नाही. आतड्यातले जंत चारा मधल्या मध्ये खातात. त्यांतला कॅमलॅनस हा लाल धाग्यासारखा गुदद्वारातून बाहेर डोकावतो, बाकीचे दिसतही नाहीत. माशांचा क्षय म्हणून ओळखला जाणारा मायकोबॅक्टेरियाचा आजार मासा हळूहळू वाळवतो, कधी पाठीचा कणा वाकवतो. त्याचा एक प्रकार माणसाच्या हातावरच्या जखमेतून आत शिरून त्वचेवर गाठी आणतो. म्हणून वाळलेल्या, वाकलेल्या माशाच्या पाण्यात ओरखडा असलेला हात घालू नये. वाकडा कणा मात्र जन्मजातही असतो. एखादा रंग पक्का करायला भाऊ-बहीण पिढ्यान्‌पिढ्या जोडीला लावले जातात, आणि त्या रंगासोबत अशक्तपणाही पक्का होत जातो.

असा लहान मासा घरी आला तर किती वाढेल, हा प्रश्न उरतो. तीन महिन्यांच्या आतला असेल तर पुष्कळ. अनेक जातींच्या माशांत थोड्या काळच्या उपासानंतर भरपाईची वाढ होते, म्हणजे नेहमीपेक्षा वेगाने मागची कसर भरून निघते. १५-२० लिटरची टाकी, २७ अंशांचं पाणी, आठवड्याला थोडं पाणी बदलणं, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं प्रथिनयुक्त खाणं. सकस दाणे, मध्ये गोठवलेले आर्टेमिया किंवा ब्लडवर्म. एकदम डोंगर टाकला तर पोट फुगून तो आडवा होतो. टाकीत देशी बदामाचं वाळलेलं पान टाकण्याची पद्धत थायलंडमध्ये जुनी आहे. तेच झाड आपल्या रस्त्यांच्या कडेला जागोजाग आहे. पान फवारणी न झालेल्या झाडाचं, गळून वाळलेलं आणि धुतलेलं असावं.

वर्षाचा होत आलेल्या खुरटलेल्या नराची लांबी आता फारशी वाढणार नाही. पाठ भरेल, रंग चढेल, पोहण्यात जोर येईल आणि तेवढ्याच लांबीत तो आणखी दोन-तीन वर्षं जगू शकेल. महिन्यातून एकदा काचेला पट्टी लावून बघावं, म्हणजे नुसत्या नजरेचा भ्रम राहत नाही.

अशा माशापासून पिल्लं काढावीत का, असं पैदास करणारे विचारतात. वंश माहीत नसेल तर नको, कारण लहानपण भुकेतून आलं की रक्तातून, हे त्या एका माशाकडे बघून कळत नाही. ते पिल्लांत कळतं. भुकेने खुरटलेल्या जोडीच्या पिल्लांना पहिले पंधरा दिवस पोटभर आर्टेमिया आणि पुढे ताजं पाणी मिळालं, तर ती चार महिन्यांत आईबापांपेक्षा मोठी होतात.